हरल्यावर बेट दुप्पट करावी का? ब्लॅकजॅकमधल्या पैजा आणि तोटा, आकड्यांसकट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्लॅकजॅकच्या (२१ च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायच्या पत्त्यांच्या खेळाच्या) टेबलावर हरलात की पुढची बेट दुप्पट करायची, ही पद्धत काही महिने चालली, छोटे छोटे नफे होत गेले, आणि मग एका बैठकीत सलग बरेच हात हरलात. सगळा नफा तर गेलाच, वर पदरचंही बरंच गेलं. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: दुपटीपेक्षा चांगली पद्धत कोणती, तोट्यावर कुठे थांबायचं, आणि गेलेली रक्कम परत कशी मिळवायची. मी बरीच वर्षं डीलर म्हणून आणि पुढे टेबलांवर देखरेख करणारी म्हणून काम केलं आहे, स्वतः खेळतेही. उत्तर लांबणार आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून ठेवते. बेटचा आकार पुढच्या हाताची किंमत पाहून ठरवायचा असतो. मागच्या हाताने काय नेलं याचा त्या निर्णयाशी काहीच संबंध नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीचं स्पष्टीकरण आहे.

पैसे जातात कुठून ते आधी बघू. ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोचा फायदा मुळात एकाच नियमातून येतो: तुम्ही डीलरच्या आधी खेळता. तुम्ही २१ च्या वर गेलात की तुमच्या चिप्स तिथल्या तिथे उचलल्या जातात, मग डीलर फुटला, म्हणजे तोही २१ च्या वर गेला, तरी त्या परत येत नाहीत. डीलर १०० पैकी साधारण २८ वेळा फुटतो, पण तुम्ही त्याच्या आधी फुटलेले असाल तर त्याचा तुम्हाला उपयोग नाही. याची भरपाई म्हणून खेळाडूच्या हातात काही गोष्टी दिलेल्या आहेत. ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता) लागला तर दीडपट, डबल (बेट दुप्पट करून एकच पत्ता घेणं), स्प्लिट (जोडी तोडून दोन हात खेळणं), काही टेबलांवर सरेंडर (अर्धी बेट सोडून हात टाकून देणं), आणि कधी थांबायचं याचं स्वातंत्र्य. डीलरला हे स्वातंत्र्य नाही, त्याला १७ होईपर्यंत पत्ते घ्यावेच लागतात. या सवलती पुरेपूर वापरल्या, म्हणजे बेसिक स्ट्रॅटेजी (कुठल्या हाताला काय करायचं याचं गणिताने ठरलेलं कोष्टक) एकही चूक न करता खेळली, तर पत्त्यांच्या सहा कॅटच्या बऱ्या नियमांच्या टेबलावर हाऊस एज, म्हणजे कॅसिनोचा वाटा, लावलेल्या रकमेच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो.

या बेसिक स्ट्रॅटेजीचा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकी लष्कराच्या अॅबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंडवरच्या चार तरुणांनी: रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट. टेबलावर ठेवायच्या साध्या गणकयंत्रांवर आकडे मारून त्यांनी १९५६ मध्ये तो एका संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. पुढे एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम ७०४ या संगणकावर तेच काम पुढे नेलं. आज कुठल्याही टेबलासाठी अचूक कोष्टक फुकट मिळतं, आणि तुम्ही ते अजून पाठ केलं नसेल तर या उत्तरातली कुठलीही दुसरी गोष्ट करण्याआधी ते करा. अंदाजाने खेळणाऱ्याचा तोटा या अर्ध्या टक्क्याच्या कित्येक पट असतो, आणि बेट कशी लावावी हा विचार त्याच्यासाठी फार नंतरचा आहे.

अर्धा टक्का म्हणजे १०० पैकी जवळजवळ निम्मे हात आपण जिंकतो, असं खूप जणांना वाटतं. तसं नाही. अचूक खेळूनही १०० हातांपैकी साधारण ४२ जिंकता, ८ ते ९ बरोबरीत सुटतात आणि ४९ हरता. हरलेले हात जिंकलेल्यांपेक्षा नेहमीच जास्त असतात. ती दरी भरून निघते ब्लॅकजॅकच्या दीडपटीने आणि योग्य वेळी केलेल्या डबल-स्प्लिटने. फक्त जिंकलो की हरलो एवढंच मोजणारी कुठलीही पद्धत या खेळाच्या सर्वांत कमकुवत बाजूवर उभी असते. तुमची दुपटीची पद्धत, जिला मार्टिंगेल म्हणतात, नेमकी तशीच आहे.

ती उलगडून दाखवते. टेबलाची किमान बेट १ युनिट आणि कमाल १०० युनिट धरा. १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असे सात हात हरलात की एकूण १२७ युनिट गेली, आणि आठवी बेट १२८ ची असल्यामुळे टेबल ती घेणारच नाही. म्हणजे प्रत्येक साखळीत तुम्ही १ युनिट कमवायला १२७ युनिट पणाला लावता. बरोबरीचे हात सोडले तर एखादा हात हरण्याची शक्यता ५३-५४ टक्के आहे. त्या हिशोबाने सात सलग हार ८० साखळ्यांमागे साधारण एकदा येते. ऐकायला दुर्मीळ वाटतं. पण हातांमध्ये मोजलं तर सरासरी १८० हातांमागे एकदा, म्हणजे तासाला ७० हात पडणाऱ्या टेबलावर अडीच-पावणेतीन तासांमागे एकदा. त्यातही बरोबरीचा हात साखळी तोडत नाही, बेट तशीच उभी राहते. कमाल मर्यादा नसलेलं टेबल शोधून उपयोग नाही, कारण मग तुमचा खिसा ही मर्यादा होते.

आणखी एक आकडा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या पद्धतीने खेळणारा स्वतःला १ युनिटचा खेळाडू समजतो, पण त्याची सरासरी बेट ४ युनिटच्या आसपास निघते. कॅसिनोचा वाटा लावलेल्या एकूण रकमेवर चालतो, त्यामुळे त्याचा दर तासाचा अपेक्षित तोटाही सपाट, म्हणजे दर हाताला तेवढंच १ युनिट लावणाऱ्याच्या चौपट होतो. सपाट खेळणाऱ्याचा ७० हातांमागे ०.३५ युनिट, याचा १.४ च्या घरात. ब्लॅकजॅकची दीडपट आणि डबलचे जादा पैसे यालाही मिळतात, ते या आकड्यांत धरलेलेच आहेत.

मग महिनोन्महिने चाललं कसं? याचं उत्तर नीट समजलं तर पुढच्या खूप चुका टळतील. एका हाताचा चढउतार, संख्याशास्त्राच्या भाषेत प्रमाण विचलन, बेटच्या सुमारे १.१५ पट असतो. ७० हातांचा म्हणजे तासाभराचा चढउतार साडेनऊ युनिटच्या आसपास येतो. आता या दोन संख्या शेजारी ठेवा: तासाला अपेक्षित तोटा ०.३५ युनिट आणि नशिबाचा हेलकावा ९.५ युनिट. चार तास खेळलात तर तोटा १.४ आणि हेलकावा १९. त्यामुळे चार तासांनंतर नफ्यात उठण्याची शक्यता ४७ टक्क्यांच्या जवळपास राहते, म्हणजे नाण्याच्या दोन बाजूंहून फारशी वेगळी नाही. अपेक्षित तोटा आणि हेलकावा बरोबरीला यायला सुमारे ५३,००० हात लागतात, आणि तासाला ७० हातांनी ते साडेसातशे तास होतात. नेहमीच्या हौशी खेळाडूच्या आयुष्यात तेवढे तास क्वचितच भरतात. म्हणून कुठलीही पद्धत काही महिने चालते. पाच जण पाच वेगळ्या पद्धतींनी खेळले तर त्यातल्या दोघांना आपापली पद्धत सिद्ध झालेली दिसेल. दुपटीच्या पद्धतीत तर हेलकाव्याचा आकारच बदललेला असतो: खूप दिवस छोटा नफा, आणि मग एक दिवस सगळ्यांचा हिशोब एकदम. तुमच्या बाबतीत घडलं ते या पद्धतीचं ठरलेलं वेळापत्रक आहे, त्यात तुमचं नशीब विशेष वाईट होतं असं मानू नका.

बाकीच्या पद्धतींवर मी फार वेळ घालवणार नाही. डालंबेअरमध्ये हरल्यावर एक युनिट वाढवायचं आणि जिंकल्यावर एक कमी करायचं असतं. तिथे घसरण सावकाश होते, दिशा तीच. फिबोनाची आणि लाबुशेर या मार्टिंगेलच्याच चुलत बहिणी. पारोली किंवा १-३-२-६ मध्ये जिंकल्यावर वाढवायचं असतं. यात बुडण्याचा धोका त्यामानाने कमी, कारण चढलेली बेट बहुतांशी नुकत्याच जिंकलेल्या पैशांची असते. कुणाला चढत्या बेटशिवाय मजाच येत नसेल तर मी त्याला हीच सुचवते. पण हाऊस एजला यातली एकही पद्धत हात लावू शकत नाही. तोट्याच्या हातांची बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी तोटाच येतो. पद्धत बदलून तुम्ही फक्त एवढंच निवडता की तो थोडा थोडा रोज जावा की एकदम एके दिवशी.

टेबलाच्या त्या बाजूला उभं राहून मी जे पाहिलं ते या गणितापेक्षाही महत्त्वाचं वाटतं, कारण ते कोष्टकात दिसत नाही. चढत्या बेटने माणसाचा खेळ बिघडतो. १ युनिटवर जो खेळाडू ११ विरुद्ध ६ ला (स्वतःचे ११, डीलरचा उघडा पत्ता ६) डोळे मिटून डबल करतो, तोच ३२ युनिटवर तसाच ११ आला की थबकतो, चिप्सकडे बघतो आणि नुसता हिट करतो, म्हणजे बेट न वाढवता पत्ता घेतो. ११ विरुद्ध ६ वर डबलची अपेक्षित किंमत बेटच्या सुमारे दोन तृतीयांश आहे, नुसत्या हिटची तिच्या निम्मी. म्हणजे त्या एका हातात त्याने १० युनिटहून जास्त किंमत सोडून दिली, आणि हे सगळं आधीची ३१ युनिट परत मिळवण्याच्या नादात. कधी कधी तर त्याच्याकडे डबल करायला पैसेच उरलेले नसतात. सात पायऱ्यांच्या मार्टिंगेलला १२७ युनिट पुरतात हे म्हणूनच खरं नाही. डबल आणि स्प्लिटसाठी हाताशी लागणारी रक्कम धरली तर आकडा बराच वर जातो, आणि ती हाताशी नसेल तर बेसिक स्ट्रॅटेजी मोडते.

आठच्या जोडीचंही तसंच. समोर डीलरचा १० असताना आठ-आठ तोडायला कुणालाच आवडत नाही, हरणाऱ्या हातावर आणखी पैसे कशाला लावायचे असं वाटतं. पण १६ म्हणून खेळलात तर अपेक्षित तोटा बेटच्या सुमारे ५४ टक्के आहे आणि तोडून खेळलात तर ४८ टक्के. ब्लॅकजॅक नाही याची खात्री डीलर आधीच करून घेतो अशा टेबलांचे हे आकडे आहेत. दोन्हीकडे तोटाच आहे, पण यातला कमी तोटा निवडणं हाच या खेळातला तोटा सांभाळण्याचा खरा प्रकार. सरेंडरही असाच: १६ विरुद्ध १० ला अर्धी बेट सोडून दिलीत तर ५४ ऐवजी ५० टक्के जातात. अर्धी बेट सोडणं मनाला हार मानल्यासारखं वाटतं म्हणून सरेंडर उपलब्ध असूनही बहुतेक जण वापरत नाहीत. तुमच्या टेबलावर तो असेल तर १६ विरुद्ध ९, १० आणि एक्का, तसंच १५ विरुद्ध १०, एवढ्यापुरता तरी वापरा. आठच्या जोडीला मात्र वर सांगितलं तसं तोडायचंच.

आता एक शंका तुमच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. ब्लॅकजॅकमध्ये मागच्या हाताचा पुढच्या हातावर परिणाम होतो असंही सांगितलं जातं, मग बेट बदलण्यात अर्थ नाही असं कसं? परिणाम होतो, पण तो पत्त्यांमधून होतो. शूमधून (ज्या पेटीतून पत्ते वाटतात तिच्यातून) छोटे पत्ते जास्त निघून गेले आणि एक्के-दस्से शिल्लक राहिले, तर ब्लॅकजॅकची शक्यता वाढते, डीलर त्याच्या १२ ते १६ च्या अडलेल्या हातांवर जास्त फुटतो आणि पुढचा हात तुमच्या बाजूला झुकतो. पत्ते मोजणारे याच वेळी बेट वाढवतात. म्हणजे बेट वाढवण्याचं कारण त्यांना उरलेल्या शूमध्ये सापडतं. मागचा हात ते जिंकले होते की हरले होते याची नोंदसुद्धा ते ठेवत नाहीत. बेटमध्ये केलेला हा एकच असा बदल आहे ज्याने खेळाचं गणित खरोखर बदलतं.

त्यातही किती वाढवायची याचं सूत्र आहे. बेल लॅबमधल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, बेट म्हणजे एकूण भांडवलाचा तेवढा भाग, जो तुमच्या फायद्याला चढउताराच्या वर्गाने भागून येतो. फायदा १ टक्का असेल तर ब्लॅकजॅकमध्ये तो भाग ०.७५ टक्क्यांच्या जवळ येतो, आणि शहाणे खेळाडू त्याच्याही निम्माच लावतात. आता हेच सूत्र साध्या खेळाडूला लावून बघा: फायदा उणे अर्धा टक्का, म्हणून उत्तर शून्याच्या खाली. फायदा उणे असेल तर पैसे वाढवण्यासाठी लावायची योग्य बेट शून्य असते. म्हणून पत्ते न मोजणाऱ्याची बेट ही करमणुकीची किंमत आहे, आणि किंमत असल्यामुळे ती टेबलाने परवानगी दिलेल्या कमीत कमी आकड्याजवळ आणि सपाट असावी. पत्ते मोजायला शिका असं मी सर्रास सांगत नाही. ते बेकायदा नाही, पण महिनोन्महिन्यांच्या सरावाचं काम आहे, पत्ते सतत मिसळणाऱ्या यंत्राच्या टेबलावर त्याचा उपयोग नाही, दर हाताला नव्याने पत्ते पिसणाऱ्या ऑनलाइन खेळात तर अजिबात नाही, आणि बऱ्याच ठिकाणी कॅसिनो तुम्हाला खेळायला मनाई करू शकतो. मुख्य म्हणजे कुशल मोजणाराही पुष्कळ रात्री हरूनच उठतो. तुमचा आत्ताचा त्रास त्याने सुटणार नाही.

बेट सपाट केलीत की तोटा कमी करायच्या खऱ्या जागा दिसायला लागतात. पहिली जागा टेबलावर छापलेली असते. ब्लॅकजॅकला ३:२ ऐवजी ६:५ देणारी टेबलं आता खूप आहेत. १० युनिटवर १५ ऐवजी १२ मिळतात, फरक किरकोळ वाटतो. पण ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा येतो, त्यामुळे या एका बदलाने हाऊस एज १.३ ते १.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सगळा मिळून जवळपास चौपट. चार तासांचा तुमचा अपेक्षित तोटा १.४ युनिटवरून पाचच्या वर जातो. अशा टेबलावर किमान बेट कमी ठेवलेली असते म्हणून लोक बसतात. मी तिथे बसत नाही आणि तुम्हीही बसू नका. डीलर सॉफ्ट १७ वर (एक्का ११ धरून झालेल्या १७ वर) पत्ता घेतो की थांबतो हेही पाहून घ्या. घेत असेल तर ०.२ टक्के आणखी जातात. साइड बेट, म्हणजे मूळ हाताशिवाय लावायच्या जादा पैजा, तर मी मोजतही नाही. तिथला कॅसिनोचा वाटा मूळ खेळाच्या कैकपट असतो.

दुसरी जागा म्हणजे वेग. तोटा म्हणजे बेट गुणिले हातांची संख्या गुणिले कॅसिनोचा वाटा. यातली हातांची संख्या बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. सातही जागा भरलेल्या टेबलावर तासाला ५० ते ६० हात पडतात, डीलरसमोर एकटे बसलात तर २०० च्या पुढे. तीच बेट, तेच नियम, तेवढाच वेळ, आणि चौपट तोटा. हरत असताना लोक रिकाम्या टेबलावर जाऊन बसतात, शांतपणे खेळता येईल म्हणून. हरत असताना एकट्याने बसणं ही सगळ्यांत महाग सवय आहे. भरलेलं टेबल बघा, मध्ये उठा, एखादा शू नुसता बघत बसा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कुठे थांबायचं. थांबण्याच्या मर्यादेने खेळाचं गणित बदलत नाही हे आधी मान्य करा. आज ४० युनिट हरून उठलात आणि उद्या पुन्हा बसलात, तर गणिताच्या नजरेत ती एकच लांब बैठक आहे. मर्यादेचा उपयोग वेगळ्या कारणासाठी आहे: ती तुम्हाला थकलेल्या, चिडलेल्या अवस्थेतले हात खेळू देत नाही. माझा हिशोब असा. बैठकीला ४० युनिट. २० युनिट घेऊन चार तास बसायचं ठरवलंत तर साधारण तीनातून एकदा वेळ संपण्याआधी पैसे संपतील, आणि संपल्यावर तुम्ही आणखी काढाल. ४० असतील तर तसं होण्याची शक्यता विसातून एकदा इतकी खाली येते. म्हणून उलट क्रमाने ठरवा. या बैठकीत पूर्ण गेली तरी घरच्या कुठल्याही खर्चाला धक्का लागणार नाही अशी रक्कम आधी, मग तिचा चाळिसावा भाग म्हणजे तुमचं युनिट. तेवढ्या किमान बेटचं टेबल नसेल तर त्या दिवशी खेळायचं नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: टेबलाची किमान बेट पाहून बसतात आणि भांडवल जेवढं खिशात असेल तेवढं.

ही ४० युनिट रोख न्या. कार्ड बरोबर ठेवू नका, किंवा ठेवलंच तर त्याची रोजची मर्यादा आधीच शून्याजवळ आणून ठेवा. टेबलावर उभं राहून ‘आता फक्त एवढेच’ हा निर्णय घेणारा माणूस आणि घरी बसून मर्यादा ठरवणारा माणूस यांच्यात तुम्ही घरच्या माणसाचं ऐकायचं आहे. वेळेचीही मर्यादा घाला, आणि ती पैशांच्या मर्यादेइतकीच कडक पाळा, कारण तीन-चार तासांनंतर चुका वाढतात हे मी हजारो खेळाडूंमध्ये पाहिलं आहे. नीट खेळणारा माणूस १२ विरुद्ध २ ला थांबायला लागतो, सॉफ्ट १८ चं काय करायचं ते विसरतो. दारू असेल तर हे तासाभरातच होतं. जिंकत असताना कुठे उठायचं याबद्दल लोक खूप विचारतात. माझ्या मते त्याला तोट्याच्या मर्यादेइतकं महत्त्व नाही, वेळ झाली की उठा.

जाता जाता इन्शुरन्स, म्हणजे डीलरकडे ब्लॅकजॅक निघेल यावर लावायची वेगळी बेट, कारण तोट्यापासून संरक्षण म्हणून ती विकली जाते. डीलरचा एक्का दिसत असताना त्याच्याखाली १० असण्याची शक्यता सहा कॅटमध्ये ३१ टक्क्यांच्या आत आहे, आणि २:१ च्या भावाने ही बेट बरोबरीत सुटायला ३३.३ टक्के लागतात. कॅसिनोचा वाटा ७ टक्क्यांच्या वर. तुमच्या हातात ब्लॅकजॅक असताना समसमान पैसे घ्यायला सांगतात तीही इन्शुरन्सच. घेतलेत तर १ मिळतो, न घेतल्यास सरासरी १.०४. हरत असलेल्या दिवशी हमखास मिळणारा १ फार गोड वाटतो. घेऊ नका.

आणि तिसरा प्रश्न, गेलेली रक्कम परत कशी मिळवायची. या खेळातून ती मिळवण्याचा मार्ग नाही. तुम्ही पुन्हा बसलात तर तुमच्या पुढच्या हाताला माहीत नसतं की तुम्ही किती उणे आहात. त्याची किंमत उणे अर्धा टक्का होती आणि तेवढीच राहते. ती रक्कम भरून काढायचं ठरवून बसलात तर बेट आपोआप मोठी होते, कारण छोट्या बेटने इतकी मोठी भरपाई होणार नाही हे मनाला कळत असतं. या ओढीचा अभ्यास झालेला आहे. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये दाखवलं की तोट्यात असलेल्या माणसांना इतर वेळी न पटणारी पैजही आकर्षक वाटू लागते, जर ती त्यांना मूळ रकमेवर परत आणण्याची आशा दाखवत असेल. हा स्वभावाचा दोष नाही, बहुतेकांचं असंच होतं. म्हणूनच त्या ओढीशी टेबलावर भांडायच्या भानगडीत पडू नका. तिथे जायचंच नाही हा एकच बंदोबस्त टिकतो. माझा नियम असा आहे की मोठ्या तोट्यानंतर किमान महिनाभर खेळायचं नाही, आणि परत जाताना गेलेल्या रकमेचा आकडा कुठेही लिहून बरोबर न्यायचा नाही.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही: गेलेले पैसे तुमचे होते की उसने, आणि घरी कुणाला माहीत आहे का. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मानसोपचाराच्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराची नऊ लक्षणं दिलेली आहेत, आणि वर्षभरात त्यातली चार दिसली तर निदान होतं. हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा पुन्हा जाणं हे त्यातलं एक, किती खेळतो याबद्दल खोटं बोलणं दुसरं, कमी करण्याचे प्रयत्न वारंवार फसणं तिसरं, पैशांसाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहायची वेळ येणं चौथं. यातलं पहिलं तर तुमच्या प्रश्नातच आहे. बाकीची तीन तुम्हीच तपासा. एखादं जरी जुळत असेल, तर युनिट, टेबलाची निवड आणि मर्यादा यांबद्दल मी वर जे लिहिलं ते तुमच्यासाठी नाही. अनेक कॅसिनोंमध्ये आणि ऑनलाइन खात्यांवर स्वतःला ठरावीक मुदतीसाठी बंदी घालून घेण्याचा अर्ज असतो; जिथे खेळता तिथे तो आधी भरा, कमीत कमी सहा महिन्यांचा. मग ज्याच्याशी तुम्ही पैशांबद्दल मोकळं बोलू शकता अशा एका माणसाला गेलेला खरा आकडा सांगा, आणि व्यसनांवर काम करणाऱ्या समुपदेशकाची वेळ घ्या. उसने पैसे असतील तर परतफेडीचा हिशोब पगारातून मांडा आणि त्यात ब्लॅकजॅकची जमा शून्य धरा.